ग्वेंटवाली

वैशाखात बिदरकडच्या आमच्या खटकचिंचोळीत दुपारचं कुत्रंसुद्धा गटारीच्या गारव्यातून उठत नाही. अशा टायमाला समोरच्या घरातली एक बाई पदर नीट करून दारात यायची, आभाळाकडं बघायची आणि गिरणीत बसलेल्या मला म्हणायची, "उदगीरवाली, आज ऊन छान पडलंय की!"

मी पिठानं पांढऱ्या झालेल्या तोंडानं म्हणायची, "मग काय गारा पडणार होत्या व्हय?"

त्यावर ती खुशीत मान हलवायची. तिकडं म्हणे असंच असतं. माणूस भेटलं की आधी आभाळाची चौकशी करायची, मग माणसाची. तिकडं पाऊस एवढा, की ऊन पडलं तर अनोळखी माणसंसुद्धा रस्त्यात थांबून एकमेकांना तसं सांगतात. ही सवय तिनं तिकडून आणली आणि आमच्या भट्टीत वापरली. मी कितीदा म्हणलं, बाई गं, इथं उन्हाला कुणी छान म्हणत नाही, लोक हसतात तुला. ती म्हणायची, "हसू दे की. हसले म्हणजे बोलले."

तिकडं म्हणजे ग्वेंटात. इंग्लंडला चिकटून वेल्स म्हणून मुलूख आहे. त्यात डोंगरांच्या मधे खोरी, खोऱ्यांत बंद पडलेल्या कोळशाच्या खाणी, दगडी घरांच्या लांबच लांब रांगा आणि मेंढरं. त्या भागाचं नाव ग्वेंट. तिथं म्हाताऱ्या माणसांच्या दवाखान्यात आमची महानंदा नर्स होती. नर्सिंग शिकली बिदरला, नोकरी लागली हैदराबादला, आणि तिथं तिकडची माणसं मुलाखती घ्यायला आली ती हिला निवडून घेऊन गेली. मी नवी नवरी होऊन या गल्लीत आले त्याच वर्षी ती गल्लीतून गेली. "एक आली, एक गेली, हिशेब मिटला," असं माझे सासरे म्हणायचे.

आता नावाचं सांगते, कारण सगळं त्यातच अडकलंय. आमच्याकडं लग्न झालेल्या बाईला तिच्या नावानं कुणी हाक मारत नाही. सासरी ती माहेरच्या गावाची, माहेरी ती सासरच्या गावाची. मी चिंचोळीत उदगीरवाली. उदगीरला गेले की आईपासून सगळे म्हणणार, "चिंचोळीवाली आली." माझं स्वतःचं नाव फक्त रेशनकार्डावर उरलंय आणि तेही चुकीचं छापलंय. पण ह्यात वाईट काही नाही. माहेरी गावाच्या नावानं हाक मारतात त्याचा अर्थ एवढाच, की हिला परत जायला घर आहे. ही चार दिवसांची पाहुणी, हिच्या भाकरीवर तूप जास्त वाढा.

आणि एखादी लेक नवऱ्यानं टाकून दिली, किंवा नवरा जाऊन परत आली, तर कुणी दवंडी पिटत नाही. काही दिवस लोक गावाचंच नाव घेतात. मग एका सकाळी कुणीतरी तिला तिच्या नावानं हाक मारतं. आधी भावजय, मग शेजारीण, मग दूधवाला. नाव परत मिळालं की समजायचं, वाट बुजली. हे कुणी कुणाला शिकवत नाही, बायकांना ते आपोआप कळतं.

महानंदाचं लग्न झालेलं नव्हतं. का नाही, ते मी एकदा तोंड वर करून विचारलंच. म्हणाली, "टैम मिळाला न्हाई." खरं खोटं तिचं तिला ठाऊक. पण गल्लीला एवढ्यानं समाधान होतंय होय! पहिल्या रजेला ती घरी आली तेव्हा गिरणीत बायका डब्यांची रांग लावून बसलेल्या. त्यात तिची आई नीलव्वा. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, आणि आवाज असा, की शेतात बोलली तर गावात ऐकू यावं. एकीनं गोड आवाजात विचारलं, "महानंदा आली म्हणं? कवा उरकायलाव तिचं?"

नीलव्वानं डबा खाली ठेवला. "महानंदा कोण गं? आमची ग्वेंटवाली आलीय. चार आठवडे हाय. मग जाणाराय आपल्या घरी."

झालं. एका वाक्यात म्हातारीनं लेकीला सासर देऊन टाकलं. नवरा नाही, सासू नाही, जाच नाही, पण गाव आहे. गल्लीनंही ते मुकाट्यानं घेतलं, कारण नीलव्वाशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती. मला तर बाई हेवाच वाटला. अशा सासरी कोण जायला तयार होणार नाही?

त्यानंतर दर दोनेक वर्षांनी ग्वेंटवाली यायची. यायची तेव्हा काहीतरी गंमत करून जायची. तिकडं दुकानदारीण, बस चालवणारा, सगळे सगळ्यांना बोलताना 'लव' म्हणतात, आपण 'बाळा', 'बाबा' म्हणतो तसं. तिच्या जिभेला ते चिकटलेलं. एकदा माझ्या सासऱ्यांनी तिचा डबा उचलून दिला, तर ही पटकन म्हणाली, "थँक यू, लव." सासऱ्यांचं नाव बिराप्पा. आमची जात मेंढरं राखणाऱ्यांची, त्यांचं निम्मं आयुष्य कळपामागं रानात गेलेलं. त्यांनी घरी येऊन नीलव्वाच्या नातवाला, संगमेशला, त्या शब्दाचा अर्थ विचारला. त्या गाढवानं खरा सांगितला. म्हातारा पुढचे काही दिवस गिरणीकडं फिरकला नाही, आणि मी हसून हसून दळणं बिघडवली.

पण मग त्याच दोघांची गट्टी जमली, मेंढरांवरून. गिरणीपुढच्या ओट्यावर बसून ती सांगायची आणि सासरे उलटतपासणी घ्यायचे.

"राखण कोण करतंय?"

"कुणीच न्हाई काका. डोंगरावर सोडून देतेत."

"कुंपन?"

"वरच्या डोंगराला कुंपण बी न्हाई."

"मग मेंढरं जात न्हाईत व्हय पळून?"

"न्हाई. प्रत्येक कळपाचा आपला डोंगर असतोय. मेंढी पिल्लाला शिकवती, हितपातूर आपलं. ते पिल्लू मोठं झालं की त्याच्या पिल्लाला. कुणी अडवत न्हाई, पर तेवढ्यातच चरतेत जन्मभर."

सासरे दाढी खाजवत म्हणाले, "हे बेकार झालं. कुंपन असलं तर मेंढरू फट तरी हुडकतंय."

मग नीलव्वाला लकवा मारला. डावं अंग गेलं. महानंदा दोन महिन्यांची रजा काढून आली. आली त्या दिवसापासून त्या घरात सगळ्यांना झोप लागायला लागली. तिनं आईला कुशीवर वळवलं, पाठीला जखमा होऊ दिल्या नाहीत, घास मऊ करून भरवला, गोळ्यांच्या वेळा लावून दिल्या. भाऊ शिवराज अण्णा, मोंढ्यात आडत दुकान, माणूस देवासारखा. भावजय सुवर्णा, कामसू, पण गुडघ्यांनी गांजलेली. दोघंही महानंदाला तळहाताच्या फोडासारखं जपायचे. त्या घरात वाईट माणूस मी शोधून दमले. एक सापडला असता तर मला बरं वाटलं असतं, निदान शिव्या द्यायला.

दोन महिने संपले. दवाखान्यानं बिनपगारी रजा वाढवून दिली. मग संगमेशची परीक्षा आली, "एवढं होऊ दे अक्का." मग सुवर्णाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, "एवढं होऊ दे." मग जत्रा. मग नीलव्वाला ताप. राहा असं तिला कुणीही कधी म्हणलं नाही. एवढं होऊ दे, एवढंच म्हणायचे.

आणि नीलव्वाचं डोकं हळूहळू रिकामं व्हायला लागलं. आजचं आठवेना. मग कालचं. रोज सकाळी डोळे उघडले की समोर लेक बघून म्हातारीला आनंदाचं भरतं यायचं. तिची खाट ओसरीत, त्यामुळं रस्त्यापलीकडं मला सगळं ऐकू यायचं.

"आलीस व्हय गं ग्वेंटवाली? कवा आलीस?"

"काल आले, अव्वा."

"किती दिस हाईस?"

"परवा जाणाराय."

"जा बाई, जा. आपलं घर सोडून लई दिस ऱ्हाऊ नये."

रोज. न चुकता रोज. मी गिरणीचा पट्टा चढवता चढवता हे ऐकत असायची. त्या घरात तिला जा म्हणणारं एकच माणूस होतं, आणि त्याच माणसापायी तिला जाता येत नव्हतं.

तिला जायचं होतं का? असं मला पुष्कळ बायका विचारायच्या. म्हणायच्या, हितं भाऊ हाय, भावजय हाय, तिकडं कोण बसलंय तिचं? अरे, तिकडं ती बसली होती! तिथं तिचं भाड्याचं का होईना, घर होतं. डोंगराच्या बाजूला खिडकी होती. खाली राहणारी म्हातारी हिच्या कुंडीला पाणी घालत होती. दवाखान्यात म्हातारे खाणकामगार हिचं नाव नीट घेता येत नाही म्हणून 'नंदा' म्हणायचे आणि हिच्याच हातची गोळी घ्यायचे. हे सांगताना तिचा चेहरा उजळायचा. इथं ती कुणाची तरी लेक होती, कुणाची बहीण, कुणाची आत्या. तिकडं ती ती होती. मला तर हे लख्ख दिसत होतं. बाकीच्यांना दिसत नव्हतं की बघायचं नव्हतं, देव जाणे.

एकदा संध्याकाळी त्यांच्या ओसरीत सगळे बसलेलो. संगमेश तेव्हा कलबुर्गीला इंजिनिअरिंगला होता, सुट्टीत आलेला. फोनमधे डोकं घालून बसलेला, एकदम फसकन हसला.

"अत्ते, तुजं ग्वेंट न्हाईच की गं!"

"न्हाई म्हंजे?"

"बरखास्त झालंय. जिल्हाच मोडला म्हणं सरकारनं. पाच तुकडे केले. आन् तू तिकडं जायच्या आधीच! तू जिथं ऱ्हायलीस तसला जिल्हाच नव्हता, अत्ते."

सगळे हसले. शिवराज अण्णापण हसले. "म्हंजे अक्का, आमी इतकी वर्सं तुला नसलेल्या गावानं हाक मारायलाव?"

मला त्या पोराच्या कानाखाली द्यावीशी वाटली. पण महानंदा शांतपणे आईच्या पायाला तेल चोळत होती.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "मी गेले तवाच तिथल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं. आधी तिथं कवातरी जुना राजा होता, त्याच्या राज्याचं नाव ग्वेंट. मग कैक वर्सं निराळंच नाव होतं. मग सरकारनं जिल्हा केला, तवा जुनं नाव हुडकून दिलं. मग जिल्हाच मोडला. पर पोलिसांच्या गाडीवर अजून तेच हाय. म्हातारी माणसं पत्त्यात अजून तेच लिवतेत, लिवायची गरज नसताना. टपाल बरोबर येतंय. सरकारनं बोर्ड काढला, लोकांचं तोंड कुठं काढलं?"

सासरे कोपऱ्यातून म्हणाले, "आता ह्यात हसन्यासारखं काय हाय रं संगमेश? निजाम जाऊन किती काळ झाला? तरी सोलापूरचे पावने आमाला काय म्हंतेत? मोगलाईतले! आन् तू शिकतूस ते गाव, सरकार म्हंतंय कलबुर्गी म्हना. म्हंताव की, तिकीट काढतानी. घरी आलं की गुलबर्गाच."

संगमेशचं तोंड एवढंसं झालं. मी सासऱ्यांना त्या दिवशी दोन कप चहा जास्त दिला.

एक गोष्ट मात्र तेव्हा कुणाला नीट माहीत नव्हती, ती महानंदानं मला गिरणीत सांगितली, पट्ट्याच्या आवाजात, म्हणजे दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये. तिचा पासपोर्ट इथलाच. तिकडचा घ्यायचा तर इथला सोडावा लागतो, आणि इथला सोडायला तिचा हात धजला नव्हता. तिकडं कायम राहायचा परवाना होता, पण सलग दोन वर्षं बाहेर राहिलं की तो बाद. दोन वर्षं व्हायला थोडे दिवस उरले होते.

"मग जा की गं माय!" मी ओरडले. "कामून बसलीस?"

"तिकीट काढलंय," ती म्हणाली. आणि तोंड दाबून पोरीसारखी हसली.

तयारी रीतसर झाली. शिवराज अण्णांनी बाई ठेवली आईच्या देखभालीला, महानंदानं तिला सगळं शिकवलं. सुवर्णानं कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली. मी जवसाची चटणी दिली. हैदराबादला विमानाला सोडायला रशीदभाईंची क्रूझर सांगितली. सकाळी गाडी दारात आली. महानंदा निळी साडी नेसून, लाल बॅग हातात घेऊन उंबऱ्यात उभी राहिली, आईचा शेवटचा निरोप घ्यायला आत वळली.

आणि नीलव्वानं खाटेवरून तिला पाहिलं. उंबऱ्यात लेक उभी, हातात बॅग, तोंड घराकडं.

"आली गं! माझी ग्वेंटवाली आली!" म्हातारीचा तो जुना आवाज, कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. "बा मगळे, बा!" म्हणजे ये लेकी, ये. आनंद झाला की ती कानडीत जायची. "सुवर्णा, बघत काय उभारलीस? पाणी आण! भाकर आण!"

आमच्याकडं लेक लांबून आली की तिला उंबऱ्यात थांबवतात, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकतात आणि पायांवर पाणी घालतात. मग आत घेतात. आणि पायावर पाणी पडलेल्या लेकीनं एक रात्र तरी माहेरात काढल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. ओलांडला तर आईची आणि तिची परत गाठ पडत नाही म्हणतात.

म्हातारीचं मन राखायचं, एवढंच तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात. सुवर्णा आत गेली, तांब्या आणि भाकरी घेऊन आली. तुकडा ओवाळला, रस्त्यावर टाकला. आणि महानंदाच्या पायांवर तांब्या रिकामा केला. ते तिनं भोळेपणानं केलं की हुशारीनं, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. बहुतेक तिलाही नसेल कळलेलं.

पाणी पडलं आणि रस्त्यापलीकडून माझे सासरे बोलून गेले, "अगं अगं! आता कशी जाती ती?"

तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. रशीदभाईंनी खिडकीतून डोकं काढलं, "अक्का, टैम हो रा. पिलेन तुमारे वास्ते नै ठैरता."

मी पिठाच्या हातांनीच रस्ता ओलांडून धावले. "पाय पूस आणि बस गाडीत! पाणीच हाय ते, त्याला काय मुळ्या फुटतेत का?"

महानंदा आपल्या पायांकडं बघत होती. तिचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता, हे मला पक्कं माहीत आहे. पण आत खाटेवर तिची आई उजवा हात पुढं करून बसली होती, आणि त्या आईचा विश्वास होता. सगळं विसरलेली म्हातारी हे मात्र विसरली नव्हती.

"तू गेली असतीस का उदगीरवाली?" तिनं मला हळूच विचारलं.

मी कशाला खोटं बोलू? मीही गेले नसते.

"चार आठवडे हाईस न्हवं?" नीलव्वा विचारत होती.

"हाव अव्वा," म्हणत महानंदा ओल्या पायांनी आत गेली. बॅग शिवराज अण्णांनी उचलली. त्यांचे डोळे भरले होते, आणि त्यांना बरंही वाटत होतं, दोन्ही एकदम. "दुसरं तिकीट काढू अक्का," ते म्हणाले. "दोन-चार दिसांत."

दोन-चार दिवसांत नीलव्वाला ताप भरला, छातीत कफ झाला. ठेवलेली बाई घाबरून पळाली. महानंदा आईच्या उशाशी बसून राहिली आणि ती तारीख निघून गेली. त्या दिवशी ती ज्वारीचा डबा घेऊन आली. मी तिच्या तोंडाकडं बघायचं टाळत होते.

"आज ढग हायेत," ती म्हणाली.

"हायेत," मी म्हणलं. आणि पट्टा चढवला.

मग ते झालं, ज्याची मला धास्ती होती. एका सकाळी समोरून सुवर्णाची हाक आली, "महानंदा अक्का, अव्वा उठली बघा." अगदी साधी हाक, मायेची. पण महानंदा अंगणात बादली घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली. पाणी भरून वाहायला लागलं तरी नळ बंद करायचं तिला सुचलं नाही. महिनाभरात शेजारीण म्हणायला लागली, मग दूधवाला. सरकारनं ग्वेंट कधी मोडलं ते मला माहीत नाही, पण आमच्या गल्लीतलं ग्वेंट असं मोडलं.

दोघी मात्र हटलो नाही. एक मी, आणि दुसरी नीलव्वा, जिला काहीच माहीत नव्हतं. रोज सकाळी, "आलीस व्हय गं ग्वेंटवाली? कवा आलीस?" आणि महानंदा तितक्याच उत्साहानं, "काल आले, अव्वा. परवा जाणाराय."

नीलव्वा गेली ती भर दुपारी, लेकीच्या मांडीवर. मी तिथंच होते. रडारड सुरू व्हायच्या आधी महानंदानं आईचं डोकं अलगद खाली ठेवलं, उठली आणि खिडकी सताड उघडली. बाहेरून झळ आत आली. शिवराज अण्णा रडत म्हणाले, "ऊन यायलंय अक्का, माशा येतील."

"तिकडं माणूस गेलं की खिडकी उघडतेत," ती म्हणाली. "अव्वाला तरी जाऊ द्या की."

त्या 'तरी'वर शिवराज अण्णांनी मान खाली घातली. ती खिडकी दिवसभर कुणी लावली नाही.

पुढं सगळं सुरळीत झालं, म्हणजे लोक ज्याला सुरळीत म्हणतात तसं. आईची खाट महानंदाला मिळाली. भावानं म्हणलं, "अक्का, आता तूच ह्या घरची थोरली." संगमेशचं लग्न झालं, पोरगी झाली, ती बोलायला लागली तेव्हा महानंदाला अव्वा म्हणायला लागली. कुणाच्या घरात म्हातारं अखेरच्या वाटेला लागलं की गल्ली तिला बोलावून नेते. ती जाते, बसते, हात धरते. मान आहे, माया आहे, तूप आहे. मीही पूर्वीसारखी ग्वेंटवाली म्हणून हाक मारायची, पण आवाज आपोआप बारीक व्हायचा. म्हणलं, उगीच जखमेवरची खपली कशाला काढा? हळूहळू मी 'अगं ए'वर आले.

माझे सासरे गेले. घरोघरी पिठाची पाकिटं आली, गिरणी बसली. पोराला कलबुर्गीत नोकरी लागली, म्हणाला, आई, आता पुरे, चल. गिरणी विकली. निघायच्या दिवशी सामानाचा टेम्पो दारात उभा होता. मी मोकळ्या गिरणीत शेवटचा झाडू मारत होते, तेवढ्यात महानंदा रस्ता ओलांडून आली. केस पार पांढरे झालेले. हातात आमच्यासाठी बांधलेल्या कडक भाकरी.

"आज ऊन छान पडलंय," ती म्हणाली.

"पडलंय बाई," मी म्हणलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला सरळ उत्तर दिलं.

ती गेली नाही. भाकरीचं फडकं माझ्या हातात देऊनही तशीच उभी. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

"उदगीरवाली, विचार की गं."

"काय इचारू?"

"अव्वा विचारत होती ते. आता तू बी चाललीस. मग कोण विचारतंय?"

मी झाडू टाकला. बाहेर रस्त्यात आले. आणि नीलव्वाचा आवाज कुठून आणला देव जाणे, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "ग्वेंटवाली! कवा आलीस गं?"

"काल आले!"

"किती दिस हाईस?"

"परवा जाणाराय!" ती म्हणाली. तोंडभर हसली. डोळ्यांतून पाणी गालावर आलं होतं, ते तिनं पुसलं नाही.

"जा बाई, जा," मी म्हणलं. "आपलं घर सोडून लई दिस ऱ्हाऊ नये."

मग मी टेम्पोत चढले. वळणापर्यंत मागं बघत राहिले. ती रस्ता ओलांडून आपल्या दारापाशी पोचली होती. आतून सुवर्णाची हाक आली, "महानंदा अक्का, कुठं गेलाव?"

"आले, आले," ती म्हणाली आणि उंबरा ओलांडून आत गेली.